स्क्वॉड करण्याआधी तिकिटं मोजा

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत ९० जण आहेत. फ्रंटएंड, बॅकएंड, टेस्टिंग, डेव्हऑप्स (तयार कोड सर्व्हरवर चढवणारे आणि चालता ठेवणारे) असे चार विभाग. लहानसा बदलही ग्राहकापर्यंत पोचायला दीड महिना जातो. ‘स्पॉटिफायसारखे स्क्वॉड करू,’ म्हणजे सगळ्या कौशल्यांची माणसं असलेल्या छोट्या टीम करू, असं संचालक म्हणतात. पुनर्रचनेचं मॉडेल कसं तयार करावं?

उत्तर : आधी काम नेमकं कुठे अडतं ते शोधा. गेल्या तिमाहीतले पूर्ण झालेले तीसेक बदल घ्या. प्रत्येक बदलाच्या तिकिटावर, म्हणजे कामाच्या नोंदीवर, हात किती दिवस चालला आणि पुढच्या विभागाची वाट बघत ते किती दिवस पडून राहिलं, हे वेगवेगळं काढा. तिकिटांचं स्टेटस बरेचजण उशिरा बदलतात, म्हणून कमिट (कोडमधला बदल जमा करणं) आणि रिलीजच्या तारखांशी ताडून घ्या. पडून राहण्याचे दिवस जास्त निघाले तरच रचनेला हात घाला. कामालाच वेळ लागत असेल तर दुखणं कोडमध्ये आहे. नवा ऑर्ग चार्ट काढून ते बरं होणार नाही.

टीमच्या सीमा प्रॉडक्टवरून ठरवा. संस्थेत संवाद जसा चालतो तशीच तिच्या सॉफ्टवेअरची रचना होते, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कोणत्या फाइली वारंवार एकत्र बदलतात ते पाहा. त्या एकाच टीमकडे हव्यात. टीम आठ जणांच्या आसपास ठेवा. आठ जणांत बोलण्याच्या २८ जोड्या होतात, सोळांत १२०.

संचालक म्हणतात त्या स्क्वॉडचं मूळ वर्णन २०१२ चं, आणि त्या वेळच्या स्पॉटिफायचं आहे. त्यात कामाचा क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो, तर माणसाचा वरिष्ठ असतो चॅप्टर लीड, म्हणजे वेगवेगळ्या स्क्वॉडमधल्या एकाच कौशल्याच्या माणसांचा प्रमुख. रिलीज कोण थांबवू शकतो, डिझाइनवर शेवटचा शब्द कुणाचा, अप्रेजल कोण लिहिणार, रजा कोण देणार, हे प्रत्येकी एका नावासह आधीच लिहून काढा. हा कागद नसेल तर प्रत्येक वाद दोन वरिष्ठांकडे जातो आणि तिथेच मुक्काम करतो.

अप्रेजल मागे ठेवू नका, ही आमची आग्रहाची सूचना. संस्थारचनेचे अभ्यासक जे गॅलब्रेथ यांच्या स्टार मॉडेलमध्ये धोरण, रचना, प्रक्रिया, मोबदला आणि माणसं हे पाचही एकमेकांना बांधलेले आहेत. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१३ मध्ये ‘वन मायक्रोसॉफ्ट’ची पुनर्रचना जाहीर केली, सहकाऱ्यांना एकमेकांशी तोलणारी स्टॅक रँकिंग पद्धत मात्र नोव्हेंबरमध्ये रद्द केली. तुमच्याकडे टेस्टरला ‘किती बग काढले’ यावर गुण मिळत राहिले, तर नव्या टीममध्येही तो शेवटी बसून बगच मोजेल.

सुरुवात दोन टीमनी करा, एक तिमाही चालवा आणि तीच दिवसांची मोजणी पुन्हा करा. या टीममध्ये निवडक हुशार माणसंच भरू नका, नाहीतर फरक रचनेमुळे पडला की माणसांमुळे हे कळणार नाही. डेव्हऑप्सची माणसं सगळ्या टीमना पुरणार नाहीत. त्यांना तीन-तीन टीममध्ये वाटलं की जुनीच रांग परत लागते. त्यांची एक प्लॅटफॉर्म टीम करा आणि डिप्लॉयमेंट इतर टीमना स्वतः करता येईल अशी साधनं बनवणं हेच तिचं काम ठेवा.