बुडालेल्या जहाजावरची पहिली डुबकी

नाशिकच्या तलावात तुझा स्कूबा डायव्हिंगचा सराव झाला, सर्टिफिकेटही हाती आलं. आता गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळचं सुझीज रेक हे बुडालेलं जहाज बघायचंय म्हणतोस, जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं.

जहाज बाहेरूनच बघ. दार उघडं दिसलं, आत मासे दिसले, तरी शिरू नकोस. त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. आत गाळ साचलेला असतो. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटका बसला की तो उठतो आणि आलेली वाट दिसेनाशी होते. म्हणून बेडकासारखी किक आत्ताच तलावात घोटून घे, तळापासून हातभर वर राहून. गंजलेला पत्रा कापतो, धरू नकोस. अडकलेली मासेमारीची जाळी पटकन दिसत नाही, तेव्हा छोटी कात्री हाताला येईल अशी बांध. टाकीतली हवा दाखवणारं गेज सतत बघ; दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, हवाही दुप्पट वेगाने संपते.

आणि हे आपल्या नाशिककरांनी विसरायचंच नाही: आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, वाटेत घाट. डुबकीनंतर लगेच गाडी काढलीस तर उंचावरच्या कमी दाबामुळे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डुबकी असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८ तास खाली किनाऱ्यावरच थांब. मी सोबत्यांना कायम एक मुक्काम जास्त करायला लावतो, भले ते कुरकुरोत. परतीचं तिकीट त्या हिशोबानेच काढ.