कंट्री म्युझिकमध्ये (अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं संगीत) एकाच गायिकेचं एकच गाणं दोनदा नंबर वन झालंय का?

हो, झालंय ना, अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं! जन्म 19 जानेवारी 1946, टेनेसीतलं एका खोलीचं घर, बाळंतपणाची फी म्हणून बापाने डॉक्टरला मक्याच्या पिठाची गोणी दिली होती. तर तिनेच लिहिलेलं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' 1974 मध्ये बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री चार्टवर (लोकप्रिय गाण्यांच्या यादीत) नंबर वन गेलं आणि तेच तिने एका पिक्चरसाठी परत रेकॉर्ड केलं तर 1982 ला पुन्हा नंबर वन. मधे रॉक गायक एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं पण त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले, बाईंनी सरळ नाही सांगितलं (रडली म्हणे रात्रभर). मग 1992 ला व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, 14 आठवडे बिलबोर्डच्या मेन चार्टवर (सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत) टॉपला, आणि रॉयल्टी अर्थात डॉलीला!