ताजी अंडी सोलताना का फुटतात?

या वेळी बहुतेक पत्रं उकडलेल्या अंड्यांबद्दल आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : घरी चार गावरान कोंबड्या आहेत. त्यांची अंडी उकडली की साल निघतच नाही. सालीबरोबर पांढऱ्याचे लचके येतात आणि रश्श्यात घालायला धड अंडं उरत नाही. दुकानातली अंडी मात्र सहज सोलली जातात. गावरान अंड्यातच काही दोष असतो का? (चिपळूण)

उत्तर : दोष गावरानपणाचा नाही, ताजेपणाचा आहे. कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. बाहेरचा कवचाला धरून असतो, आतला पांढऱ्या बलकाला लगटून असतो. नुकत्या घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, 7.6 ते 8 च्या आसपास असतो. अशा वेळी अंडं उकडलं तर पांढऱ्यातली प्रथिनं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरूनच शिजतात, आणि साल ओढली की पांढरं सोबत येतं. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून तो वायू हळूहळू निघून जातो, काही दिवसांत पीएच 9 च्या वर पोचतो आणि ही पकड सैल होते. दुकानातल्या अंड्याचे हे दिवस पोल्ट्रीपासून तुमच्या पिशवीपर्यंतच्या वाटेतच गेलेले असतात.

तेव्हा अंडं उचललं की त्यावर पेन्सिलीने तारीख घाला आणि उकडायची अंडी सात ते दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग वापरा. ठेवण्याआधी धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. माती, विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि उकडायच्या वेळी धुवा. लवकर मुरावीत म्हणून अंडी टोपलीत बाहेर ठेवायचा मोह होईल, पण कोंबड्यांत कोंबडा असेल तर उन्हाळ्यात ते करू नका. फलित अंड्यात उष्णतेने पिल्लाची वाढ सुरू होऊ शकते.

तारीख घातली नसेल तर अंडं पाण्यात सोडून पाहा. अगदी ताजं तळाशी आडवं पडतं, आठवडाभराचं रुंद टोक वर करून तिरकं होतं. उकडायला हेच हवं. वर तरंगणारं टाकून द्या. आणि आजचं ताजं अंडं उकडण्यात वाया घालवू नका. हाफ फ्राय करा, त्यात ताजेपणाचा खरा उपयोग होतो. पांढरं घट्ट राहतं, तव्यावर पसरत नाही.

प्रश्न : अंडी गार पाण्यात ठेवून गॅस लावायचा की उकळत्या पाण्यात सोडायची? मिनिटं नेमकी किती? (पुणे)

उत्तर : उकळत्या पाण्यातच. गार पाण्यासोबत अंडं हळूहळू तापतं, तेवढ्या वेळात पांढरं पापुद्र्याशी सावकाश जोडलं जातं. आधणात सोडलं की बाहेरचा थर झटकन आवळतो आणि पापुद्र्यापासून सुटतो. जरा ताजी अंडीही या पद्धतीने बऱ्यापैकी सोलली जातात.

अंडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. पातेल्यात अंड्यांवर दोन बोटं येईल इतकं पाणी घेऊन खळखळ उकळू द्या. झाऱ्यावर एकेक अंडं ठेवून तळाशी अलगद सोडा. वरून टाकलं तर ते तळाला आपटून तडकतं. आता आच मध्यम करा. बुडबुडे येत राहावेत, पण अंडी एकमेकांवर आदळू नयेत. बाजारातलं साधं अंडं 50 ते 55 ग्रॅमचं असतं, त्याला 10 ते 11 मिनिटं. लहान गावरान अंड्याला 9 पुरतात. पिवळा बलक मधोमध थोडा ओलसर हवा असेल तर 8. घड्याळ अंडी सोडल्यापासून लावायचं.

वाफ याहूनही चांगली. मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात तळाशी दोन पेले पाणी उकळवा, भरपूर वाफ धरली की चाळणीवर अंडी ठेवून झाकण लावा आणि 12 मिनिटांनी काढा. अंडी हलत नाहीत, म्हणून तडकतही कमी.

काढली की लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. बर्फ नसेल तर माठाचं पाणी चालेल, दोनदा बदला. निदान दहा मिनिटं आत राहू द्या. त्याने शिजणं थांबतं आणि पांढरं आकसून टणक होतं. कोमट अंडं सोलायला घेतलं तर मऊ पांढरं बोटांखाली तुटतं.

सोलताना रुंद टोक ओट्यावर आपटा, तिथे हवेची पोकळी असते. मग अंडं तळव्याखाली हलक्या दाबाने फिरवून सगळीकडे बारीक तडे पाडा आणि वाडग्यातल्या पाण्यात बुडवून सोला, म्हणजे पापुद्र्याखाली पाणी शिरतं. पापुद्रा चिमटीत येणं महत्त्वाचं. तो आला की साल मोठ्या तुकड्यांत निघते. नुसतं कवच निघत असेल तर ओढू नका, दुसऱ्या जागेपासून सुरुवात करा.

प्रश्न : पाण्यात मीठ, व्हिनेगर की खाण्याचा सोडा? टाचणीने भोक पाडायचं का? (सांगली, ठाणे)

उत्तर : सोलणं सोपं व्हावं म्हणून यातलं काहीच लागत नाही. सोड्यामागचा विचार चुकीचा नाही, पीएच वाढवायचा असतो. पण दहा मिनिटांत तो कवचातून फारसा आत जात नाही आणि जास्त पडला तर अंड्याला उग्र वास येतो. मीठ किंवा चमचाभर व्हिनेगर यांचा उपयोग वेगळा आहे. एखादं अंडं तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं लगेच गोठतं आणि तडा बुजतो. रुंद टोकाला भोक पाडलं तर आतल्या हवेला वाट मिळते. पण अंडं अलगद सोडलं असेल तर त्यावाचून अडत नाही.

प्रश्न : कुकरमध्ये तीन शिट्ट्या केल्या तर अंडी रबरासारखी झाली, दोन फुटली आणि कुकर आतून काळा पडला. (नाशिक)

उत्तर : तीन शिट्ट्या फार झाल्या. दीड वाटी पाणी, वर जाळी, जाळीवर अंडी. मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या, गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा. मग उरलेली वाफ शिट्टी किंचित उचलून हळूहळू सोडा. एकदम सोडली तर अंड्याच्या आतला दाब कवच फोडतो. कुकरमधल्या जोरदार उष्णतेने साल चांगली सुटते, पण एखादा मिनिट पुढेमागे झाला तरी फरक पडतो. सवय नसेल तर शिट्टी न लावता कुकर वाफेसाठीच वापरा, 12 मिनिटं.

काळेपणा ॲल्युमिनियमचा आहे. जड पाण्यात तो जास्त येतो. तळच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल किंवा चिंचेचं बुटुक टाका, येणार नाही.

प्रश्न : बलकाभोवती हिरवट कडं दिसतं. अंडं खराब असतं का? (लातूर)

उत्तर : नाही. जास्त वेळ उकडल्याने पांढऱ्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड बलकातल्या लोहाला भेटतो आणि आयर्न सल्फाइडचा थर धरतो. खायला अपाय नाही, चव मात्र उतरते. वेळ पाळा आणि लगेच गार करा.

प्रश्न : लेहला नेमणुकीवर आहे. बारा मिनिटं उकळूनही अंडं मऊच राहतं.

उत्तर : सुमारे 3,500 मीटर उंचीवर पाणी 88 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. पांढरं पूर्ण घट्ट व्हायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं, त्यामुळे अंडं शिजतं पण रेंगाळत. पातेल्यात 15 मिनिटं द्या. कुकर असेल तर वरच्या पद्धतीने एक शिट्टी करा. महाबळेश्वरला मिनिटभर जास्त पुरे.

प्रश्न : घरगुती कार्यक्रमाला साठ अंड्यांचा रस्सा करायचा आहे. अंडी आदल्या दिवशी उकडून ठेवता येतील का? (कोल्हापूर)

उत्तर : येतील, पण न सोलता. सालीसकट उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. सोललेलं कोरडं पडतं आणि वास धरतं, ते त्याच दिवशी संपवा. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

साठ अंडी एकाच पातेल्यात सोडू नका. पाण्याची उकळी मोडते, परत यायला वेळ लागतो आणि गार पाण्यात सुरुवात केल्यासारखंच होतं. पंधरा-पंधराच्या खेपा करा, किंवा मोठ्या मोदकपात्रात एका थरात वाफवा. प्रत्येक खेपेला उकळी परत आल्यावर पुढची अंडी सोडा. गार करायचं पाणीही खेपेगणिक बदला, कारण पहिल्या पंधरांतच ते कोमट होतं.

सोलायला माणसं कमी असतील तर झाकणाच्या डब्यात पाच-सहा अंडी आणि अर्धी वाटी पाणी घालून हलकेच हलवा. कवच सगळीकडून तडकतं, मग साल लवकर उतरते. यात एखाददुसरं अंडं फुटतं, म्हणून साठाला चार-पाच जास्तच घ्या. सोललेली अंडी फडक्याने कोरडी पुसा, प्रत्येकाला तीन-चार उभ्या, उथळ चिरा द्या आणि हळद-तिखट लावून थोड्या तेलात परता. चिरा नसतील तर तापलेल्या तेलात अंडं फुटून उडतं. रस्सा पूर्ण उकळून झाला की शेवटच्या पाच मिनिटांसाठी अंडी सोडा, त्याहून जास्त वेळ ती रश्श्यात उकळू नयेत.