थंडीत गिनी पिगना पिंजऱ्याबाहेर किती वेळ सोडावं?

नाशिकच्या थंडीत घरातल्या दोन गिनी पिगना किती वेळ बाहेर सोडावं, असं तुम्ही विचारलंय. दुकानदाराच्या सांगण्यावरून संक्रांतीपर्यंत दोघांना पिंजऱ्यातच ठेवायचं आणि अंगात स्वेटर घालायचा, असा तुमचा विचार दिसतो. यातलं काहीही करू नका. स्वेटर घातला की गिनी पिगला अंग साफ करता येत नाही, तो स्वेटरच कुरतडतो आणि लोकर पोटात जाते. दोन फुटी पिंजऱ्यात महिनाभर बसून राहिलेल्या प्राण्याचं पचन मंदावतं, वजन वाढतं आणि ओलसर बिछान्यावर एकाच जागी बसून तळपायांना जखमा होतात. आजारापेक्षा उपाय भयंकर.

किती वेळ सोडावं हे नंतर बघू. आधी जमीन बघा. नाशिकची थंडी म्हणजे रात्री ८-१० अंश आणि दुपारी २८, निफाडकडे तर काही वर्षी पारा पाचाच्याही खाली. आपल्या घरांना हीटिंग नसतं आणि खाली टाइल्स असतात. या प्राण्याचं पोट जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर असतं. त्यामुळे टेबलावरचा थर्मामीटर काय दाखवतो याला अर्थ नाही, तो फरशीवर ठेवून वाचा. १८ ते २४ अंश उत्तम. फरशीवर १५ च्या खाली असेल तर नुसत्या फरशीवर सोडायचंच नाही.

थर असे लावा. सगळ्यात खाली योगा मॅट किंवा १० मिलीमीटरची फोम मॅट. तिच्या कडा उघड्या राहिल्या तर हमखास कुरतडतात, म्हणून वरचं कापड चारही बाजूंनी मॅटखाली मुडपून घ्या. मॅटवर वर्तमानपत्राचे पाच-सहा थर, त्यावर जुना टॉवेल आणि सगळ्यात वर फ्लीसचं, म्हणजे मऊ पॉलिएस्टर कापडाचं ब्लँकेट. नवं फ्लीस तसंच अंथरू नका. फॅब्रिक सॉफ्टनर न घालता दोन-तीनदा धुवा आणि मग वर चमचाभर पाणी ओता. पाणी मण्यासारखं वर तरंगलं तर अजून एकदा धुवा, झरकन खाली उतरलं तर फ्लीस तयार. लघवी खालच्या टॉवेलमध्ये उतरली पाहिजे आणि वरचा भाग कोरडा राहिला पाहिजे, सगळी मेख यात आहे. गोधडी मायेने घातली जाते, पण नको. सुती कापड लघवी धरून ठेवतं आणि तासाभरात गारठतं. शिवाय गोधडीचा सुटलेला दोरा पायाला गुंडाळला जातो, केसांत दिसत नाही, आणि लक्षात येईपर्यंत बोट सुजून काळं पडलेलं असतं.

कुंपणाला महागडं काही लागत नाही. ५ मिलीमीटरची आठ बाय चार फुटांची सनपॅक शीट (दोन थरांमध्ये उभ्या रेघा असलेली प्लास्टिकची हलकी शीट) घ्या, फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडे मिळते. लांबीत कापून १६ इंच उंचीच्या तीन पट्ट्या करा. एकूण २४ फूट होतात, त्यात ७ बाय ४ चं रिंगण बसतं आणि जोडाला दोन फूट उरतात. कोपऱ्यावर कटरने वरचा थर आणि मधल्या रेघा कापा, खालचा थर तसाच ठेवा, म्हणजे काटकोनात दुमडते. जोड बाइंडर क्लिपने करा, घडी करून कपाटामागे ठेवता येतं. हे प्राणी फारशा उड्या मारत नाहीत, एवढी उंची पुरते. सनपॅकला भोकं नसल्याने दाराखालून येणारा वाराही अडतो. जाळीच्या कुंपणाने तो अडत नाही. जागा कमी असेल तर रुंदी कमी करा, लांबी शक्यतो नको, कारण धावायला सरळ पल्ला लागतो.

रिकाम्या रिंगणात मात्र ते धावणार नाहीत, कोपऱ्यात दबून बसतील. आडोसा जवळ असला की धावतात. दोन्ही टोकांना एकेक पुठ्ठ्याचं खोकं ठेवा आणि प्रत्येकाला दोन दारं ठेवा. एकच दार असेल तर दोघांतला दांडगा दारात बसतो आणि दुसरा आत अडकतो. सुक्या गवताचे ढीगही दोन टोकांना, म्हणजे ये-जा आपोआप होते. चाक आणि प्लास्टिकचा चेंडू अजिबात नको, त्यांचा कणा त्यासाठी नाही.

ऊब हवी असेल तर स्टीलच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती जाड मोज्यात घाला आणि एका खोक्यात ठेवा. नको असेल तेव्हा त्यांना दूर जाता आलं पाहिजे. रबरी पिशवी कुरतडतात. हीटर लावलात तर वायर रिंगणाबाहेर. खिडक्या गच्च बंद करून अगरबत्ती, धूप, मच्छरकॉइल लावू नका. धूर आणि साचलेला लघवीचा उग्र वास त्यांच्या फुप्फुसांना गार हवेपेक्षा जास्त त्रास देतात.

आता वेळ. दिवसाला तीन-चार तास द्या, पण खरं म्हणजे हे रिंगण पिंजऱ्याला कायमचं जोडून दार उघडं ठेवा. ते पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतात, म्हणजे नेमके गारठ्याच्या वेळी, आणि तेव्हाच आपण त्यांना कोंडतो. गॅलरीतलं ऊन सकाळी १० ते ११, अर्धी जागा सावलीत, समोर कोणीतरी बसलेलं. दुपारी नाही, २७-२८ अंशांच्या पुढे उन्हात यांना उष्माघात होतो, डिसेंबरातसुद्धा. दव पडलेल्या लॉनवर तर मुळीच नाही.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी "अँडीजचे प्राणी आहेत, थंडी सोसतात" असं लिहिलंय. हा वाद मी अनेकदा घातलाय आणि पुन्हा घालेन. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेत माणसाने पाळलेले गिनी पिग पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला राहत आले. पेरूमध्ये त्यांना त्यांच्या आवाजावरून कुई म्हणतात आणि खेड्यांत ते आजही स्वयंपाकघरात हिंडतात. "डोंगरातला प्राणी" म्हणून त्यांना गॅलरीत ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

हे सगळं धडधाकट, मोठ्या जोडीसाठी. महिन्याच्या आतली पिल्लं, गाभण मादी, म्हातारे आणि बिनकेसांचे स्किनी यांना २० च्या खाली ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला वजन करा. ५० ग्रॅमच्या वर घटलं, नाकाभोवती पापुद्रा दिसला, श्वासात टकटक आवाज आला किंवा अर्धा दिवस खाल्लं नाही, तर त्याच दिवशी व्हेटकडे. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन त्यांना पाजू नका. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली की त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.