डॉलरचा ‘बक’ आणि हरणाचा ‘बक’

प्रश्न असा आला आहे: ब्लॅकबक म्हणजे काळवीट, मग अमेरिकेतला भाचा वीस डॉलरना ‘ट्वेंटी बक्स’ का म्हणतो? आणि ‘पासिंग द बक’मध्ये कुठलं हरीण?

हरीण दोन्हीकडे आहे. एकीकडे त्याचं कातडं, दुसरीकडे बहुधा शिंग.

अठराव्या शतकात अमेरिकेच्या सरहद्दीवर नाणी फारशी नव्हती. तिथले मूळ रहिवासी हरणाची कातडी आणायचे, व्यापारी बदल्यात कापड, बंदुकीची दारू, भांडी द्यायचे. साहजिकच भाव कातड्यांतच बोलला जाई. कॉनरॅड वायझर नावाचा दुभाष्या १७४८ साली ओहायोकडे गेला होता. त्याच्या रोजनिशीत व्हिस्कीच्या एका पिंपाचा भाव पाच बक असा आहे! डॉलर या अर्थाने ‘बक’ छापील मजकुरात सापडतो तो मात्र थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. मधला दुवा तेवढा पक्का नाही, तरी मला ही व्युत्पत्ती पटते. आपल्याकडे नाही का, लाखाची ‘पेटी’ आणि कोटीचा ‘खोका’ होतो?

दहा डॉलरच्या नोटेला ‘सॉबक’ म्हणतात, त्यात मात्र हरीण नाही. लाकूड कापताना ज्यावर ठेवतात त्या घोडीचं नाव सॉबक. तिचे पाय फुलीसारखे असतात, आणि रोमन दहाही (X) फुलीच.

‘पासिंग द बक’ आलं पोकरच्या टेबलावरून. पत्ते वाटायची पाळी ज्याची, त्याच्यापुढे खुणेची वस्तू ठेवत. ती बऱ्याचदा हरणाच्या शिंगाच्या मुठीची सुरी असे, असं सांगतात. वाटायचं नसेल तर खूण पुढे सरकवायची. मराठीत सरळ टोलवाटोलवी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावरची ‘द बक स्टॉप्स हिअर’ ही पाटी याच्यावरचीच. म्हणजे टोलवाटोलवी इथे संपली, आता निर्णय माझा.

एक सावधगिरी. तरुण, रुबाबदार पुरुषालाही इंग्रजीत ‘बक’ म्हणत, पण गुलामगिरीच्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना हिणवायला हाच शब्द वापरला गेला. तेव्हा माणसासाठी नकोच.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचं एक रूप बोकडासाठी होतं. फ्रेंचमध्ये बोकड म्हणजे ‘बूक’, आणि तो कापणारा तो इंग्रजीतला ‘बुचर’, म्हणजे खाटीक. बक आणि बोकड कानाला सख्खे भाऊ वाटतात खरे, पण नुसत्या उच्चारावरून सोयरीक जुळवू नका. बकव्हीटमध्येही बक ऐकू येतो, पण उत्तरेत उपासाला चालणाऱ्या त्या कुट्टूचा हरणाशी काही संबंध नाही. दाणे बीच झाडाच्या बियांसारखे तिकोनी, म्हणून ते नाव.