बारावीनंतर मुलीला लिबरल आर्ट्‌सला घालावे की थेट नोकरीच्या अभ्यासक्रमाला?

मुलीला इतिहास आणि अर्थशास्त्र आवडते, घरच्यांचा आग्रह संगणक अभियांत्रिकीचा आहे, आणि लिबरल आर्ट्‌स केल्यावर पोट कसे भरणार, असे तुम्ही विचारले आहे. तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी २२ वर्षे अर्थशास्त्र शिकवतो आहे आणि दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात.

आपल्याकडची कला शाखा म्हणजेच लिबरल आर्ट्‌स, असे समजून तुलना केली तर ती सुरुवातीलाच फसते. मूळ ग्रंथ न उघडता गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचावर तीन वर्षे काढलेला बी.ए. हा उदार शिक्षण, म्हणजे लिबरल आर्ट्‌स, घेतलेला नसतो. आणि मी हे कबूल करतो की माझ्या हातून असे बरेच विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले आहेत. इतिहासाबरोबर संख्याशास्त्र शिकणे, मूळ लेखन वाचून त्यावर स्वतः लिहिणे आणि लिहिलेल्याचा वर्गात जाब देणे, हे जिथे घडते ते उदार शिक्षण, मग पदवीचे नाव काहीही असो.

अशा शिक्षणाचा व्यवहाराशी संबंध नसतो, हेही मला मान्य नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची १९३० पासून उभारणी करणारे धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनीच सांभाळले.

अभियांत्रिकीच्या आग्रहामागची भीती मात्र खरी आहे. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या घरातही पहिला अभियंता तयार झाला. त्या पदवीने घर वर आले, ही आठवण पालक सहजासहजी सोडणार नाहीत आणि त्यांनी ती सोडावी असे मी म्हणणारही नाही. म्हणून खासगी विद्यापीठांतल्या लिबरल आर्ट्‌सची वर्षाला काही लाखांची फी कर्ज काढून भरावी लागणार असेल आणि शिष्यवृत्ती मिळत नसेल, तर तो मार्ग घेऊ नका, असेच माझे मत आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा गौण विषय घेण्याची सोय झाली आहे, परंतु आमच्यासारख्या लहान महाविद्यालयात ज्या विषयाला शिक्षक उपलब्ध असेल तोच विषय विद्यार्थ्याची ‘निवड’ ठरतो. त्यामुळे माहितीपत्रकावर विसंबू नका. प्रवेशापूर्वी मुलीला घेऊन एक दिवस महाविद्यालयात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या सत्रात तुम्ही स्वतःच्या शब्दांत किती पाने लिहिलीत, ती कोणी वाचली आणि शेरे मारून परत दिली का. ग्रंथालयात कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हातात घेता येते की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते, तेही पाहा. या प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारे अनुदानित महाविद्यालय तुमच्या जिल्ह्यात सापडले, तर तिला तिथे अर्थशास्त्र मुख्य आणि संख्याशास्त्र गौण विषय म्हणून निःशंकपणे घेऊ द्या. तसे न सापडल्यास आणि तिला गणिताची मनापासून गोडी असल्यास अभियांत्रिकीला घाला, पण गणित तिला नकोसे वाटत असेल तर केवळ घरच्यांच्या आग्रहाखातर चार वर्षे तिकडे पाठवू नका.