लस मृगाच्या आधी पोहोचली पाहिजे

चि. डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इन्फ्लुएंझाची, म्हणजे फ्लूची, लस जगातल्या गरीब देशांपर्यंत पोहोचवणाऱ्या लोकांत तुला काम करायचं आहे, आणि सध्या नेमणूक धारूर तालुक्यात आहे. इथली वर्षं संपली की खरं काम सुरू होईल, असं तू लिहिलंस. मला वाटतं, ते सुरू झालेलंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हातल्या बैठकांत जे प्रश्न चर्चेला येतात, तेच तुझ्यापुढे आहेत: लस कधी येते, किती मागितली जाते, आणि ती ज्या गरोदर बाईला द्यायची ती त्या दिवशी गावात असते का.

आधी वेळेचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. जागतिक आरोग्य संघटना लशीतले विषाणू वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. बहुतेक लस अजून कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, त्यामुळे निर्णय झाल्यापासून डोस हातात पडेपर्यंत सहाएक महिने जातात. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी बहुधा जानेवारी ते मार्च दरम्यान. उत्तरेची लस ऑगस्ट-सप्टेंबरात मिळते, तोवर पावसाळी लाट सुरू झालेली असते. म्हणून आपल्याला एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धाची लस लागते. टोचल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, म्हणजे २५ मेपर्यंत काम आटोपायला हवं.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यामुळे मे महिन्यात त्या गावातच सापडतात. दुसरी संधी सप्टेंबरअखेर ते टोळी निघेपर्यंत, तेव्हा उत्तरेची ताजी लस द्यावी. थंडीतली लाट येते तेव्हा गरोदर बाई सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात कोपीत राहत असते. तिथे कुठलं आरोग्य केंद्र तिला आपलं मानेल याचा भरवसा नाही. टोळी कधी निघणार हे मुकादमाला नेमकं माहीत असतं. आशाताईंना त्याच्याकडून तारीख आणि कोयत्यांची, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांची, यादी घ्यायला सांग.

आता मागणी. ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे आपोआप येत नाही. आकडा द्यावा लागतो. ३०,००० लोकसंख्या आणि हजारी १६ जन्मदर धर: वर्षाला ४८० जन्म. गर्भपात वगैरेचे १० टक्के मिळवले की ५२८ गरोदरपणं, आणि कोणत्याही एका वेळी त्यांच्या निम्म्या, म्हणजे २६४ बाया गरोदर असतात. त्यात आशाताई, सिस्टर, बाकी कर्मचारी मिळून ४५ धर. झाले ३०९. दहा डोसची कुपी असेल आणि १० टक्के नासाडी धरली तर १.११ ने गुण: ३४३ डोस, ३५ कुप्या. मात्र सहा बायांच्या वाडीवर कुपी उघडली की चार डोस वाया जाण्याचा धोका असतो, म्हणून लहान वाड्या एकाच सत्राला जोड. भरलेल्या सिरिंजमध्ये नासाडी जवळजवळ नसते, पण आयएलआरमध्ये, म्हणजे लशीच्या फ्रिजमध्ये, ती कित्येक पट जागा खाते. आधी टोपल्या मोजून घे. मधुमेह, दमा आणि हृदयविकाराचे रुग्ण व म्हातारी माणसं यांचा हिशेब वेगळा मांड.

चार विषाणूंची लस चांगली, तीनची हलकी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. चौथा विषाणू, बी-यामागाटा हा प्रकार, मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेला नाही आणि २०२३ पासून तो लशीत घालायची गरज नाही, असं जागतिक संघटनेचंच म्हणणं आहे.

मराठवाड्याच्या मे महिन्यात लस उन्हाने खराब होईल ही भीती सगळ्यांना असते. त्या भीतीपोटीच ती गोठते. ४३ अंशांच्या उन्हात सत्राला निघायची घाई असते, डीप फ्रीझरमधून काढलेले उणे २० अंशांचे आइस पॅक थेट लस न्यायच्या कॅरियरमध्ये जातात आणि त्यांना टेकलेली कुपी गोठून जाते. आइस पॅक आधी बाहेर काढून ठेवायचा. त्याला घाम फुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, की मगच चारही पॅक आत. आणखी एक गोष्ट सिस्टरना मुद्दाम सांग: लस गोठली होती का हे कुपी हलवून बघायची धनुर्वाताच्या लशीची चाचणी इथे चालत नाही. ती ॲल्युमिनियम असलेल्या लशींसाठी आहे आणि फ्लूच्या नेहमीच्या लशीत ते नसतं. गोठून वितळलेली कुपी चांगलीसारखीच दिसते. तपमान २ ते ८ अंशांत राहिलं की नाही हे फक्त नोंदवहीवरून आणि लॉगरवरून कळतं. शंका आली तर कुपी वापरू नका. स्टॉक रजिस्टरला तारखेसोबत हंगामाचा रकानाही ठेव; गेल्या हंगामाचे उरलेले डोस यंदा चालत नाहीत.

डोस अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. मृत विषाणूची लस गरोदरपणात कोणत्याही तिमाहीत देता येते, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देताच येत नसल्याने आईकडून मिळालेली प्रतिपिंडं हाच त्याचा आधार. "लस घेतली तरी सर्दी झालीच" हे तू शंभरदा ऐकशील. सर्दी इतर विषाणूंनीही होते, आणि जुळणी चांगली असलेल्या वर्षीसुद्धा ही लस साधारण ४० ते ६० टक्केच आजार रोखते, हे आधीच सांगून टाक. पुढच्या वर्षी तीच बाई परत आली पाहिजे.

दवाखान्यात ३८ अंश किंवा जास्त ताप, खोकला, दहा दिवसांच्या आतली सुरुवात आणि दाखल करण्याइतका त्रास असा रुग्ण आला की घशाचा-नाकाचा नमुना थंड साखळीत प्रयोगशाळेकडे जाऊ दे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ पासून चालत आलेल्या जागतिक इन्फ्लुएंझा जाळ्याचा भाग आहे. पुढच्या वर्षीच्या लशीत काय असावं ते अशाच नमुन्यांवरून ठरतं.

आणि जगाचा प्रश्न. स्वाइन फ्लूची महासाथ ११ जून २००९ ला जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. भारतीय कंपन्यांची लस आली २०१० च्या मध्यात, आणि १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं. त्याआधी इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं होतं, कारण त्यांच्या विषाणूपासून होणारी लस त्यांनाच परवडणार नव्हती. या रागातूनच २०११ ची महासाथ सज्जता चौकट झाली: देशांनी विषाणू द्यायचे, कंपन्यांनी महासाथीच्या लशीतला वाटा राखून ठेवायचा. पण कागदावरचा वाटा कारखान्यातूनच येतो आणि कारखाना दरवर्षीच्या मागणीवर जगतो. २०१९ मध्ये जगाची हंगामी क्षमता सुमारे १४८ कोटी डोस होती आणि तिचा मोठा भाग श्रीमंत देशांत होता. ज्या देशात मोठ्या माणसांना दरवर्षी लस द्यायची सवय, यादी आणि सिस्टर नाहीत, तिथे महासाथीत डोस उतरले तरी ते गोदामातच राहतात.

सप्टेंबरच्या फेरीची मागणी जुलैच्या मध्यापर्यंत जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे पोहोचू दे. त्याआधी यादी मला पाठव. गावाच्या नावापुढे टोळी निघण्याची तारीख आणि त्या गावापर्यंत कॅरियर न्यायला लागणारा वेळ, असे दोन रकाने तिच्यात असावेत.

कळावे.
तुझा शुभचिंतक